घरातली ओल आणि हवा मोजायची कशी? वरच्यांशी भांडण्याआधी वाचा

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मुलाची कंपासपेटी शोधायला आतल्या खोलीतलं लाकडी कपाट पुढे ओढलं आणि मागची भिंत बघून हबकलेच. जमिनीपासून कमरेपर्यंत काळे ठिपके. हात लावला तर भिंत थंडगार आणि ओलसर, कपाटाच्या पाठीचं प्लायवूड फुगलेलं. सासूबाईंना दमा आहे, आणि पावसाळाभर त्या त्याच खोलीत झोपत होत्या.

ठाण्यात राहणाऱ्या कुणाच्याही मनात जो पहिला संशय येईल तोच आमच्याही आला: वरच्यांचं बाथरूम गळतंय. वरच्या काकूंशी बोलणं झालं, बोलण्याचा आवाज चढला, सोसायटीची मीटिंग झाली, प्लंबर आला आणि काकूंच्या बाथरूममधल्या चार टाइल्स फुटल्या. खाली सगळं कोरडं ठणठणीत. पाणी वरून येतच नव्हतं, ते आमच्या आमच्या घरातच तयार होत होतं. हे कळलं साडेतीनशे रुपयांच्या एका मीटरमुळे आणि आठ दिवस नीट लिहिलेल्या वहीमुळे. मी इंजिनीअर वगैरे नाही. पण त्यानंतर नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले लोक विचारत राहिले, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते.

१. आधी ठरवा, शोधायचंय काय

"हवा खराब आहे" या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात, आणि तिन्हींची यंत्रं वेगळी.

कपड्यांना कुबट वास, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी, पापड सादळणं, दारं फुगणं ही झाली ओल. त्यासाठी आर्द्रतेचा मीटर. सकाळी उठल्यावर डोकं जड, खोलीत शिरताच कोंदट वाटणं हा हवा खेळती नसल्याचा प्रकार. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर, म्हणजे बोलीभाषेत सीओटू मीटर. आणि धूळ, धूर, उदबत्ती, रस्त्याचं किंवा शेजारच्या बांधकामाचं प्रदूषण यासाठी पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, मीटर.

चौथी गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण ती जिवावर बेतते. गॅस गिझरमुळे बंद बाथरूममध्ये माणसं दगावतात ती कार्बन मोनॉक्साइडने. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि वरच्या तिन्हींपैकी एकही मीटर तो दाखवत नाही. "आमच्याकडे सीओटू मीटर आहे, काळजी नाही" असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. नाव सारखं वाटलं तरी वायू वेगळा आहे. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर मीटर घेण्याआधी तो बाहेर हलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो लावाच, पण गिझर आत ठेवायची परवानगी म्हणून नव्हे.

२. काय काय लागेल

- आर्द्रता आणि तापमान दाखवणारे दोन छोटे डिजिटल मीटर. एक आत, एक बाहेर. एकाच मीटरवर भागवायला गेलात तर पुढचं निम्मं समजणार नाही.
- मीठ, बाटलीचं झाकण आणि घट्ट बसणारा पारदर्शक डबा.
- तापमान मोजायची गन. कोविडच्या वेळची सोसायटीच्या केबिनमध्ये धूळ खात पडली असेल. तिच्यात अंगाचा ताप आणि वस्तूचं तापमान असे दोन मोड असतात. भिंतीसाठी वस्तूचा मोड लावा, नाहीतर नुसतं 'लो' दाखवते.
- जाड पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा आणि चांगली चिकटपट्टी.
- वही. ॲपही चालेल, पण स्वयंपाक, कपडे, एसी यांची नोंद कुठलंच ॲप आपणहून करत नाही.
- जमलं तर सीओटू मीटर. हा काही हजारांत जातो, त्यामुळे चार बिऱ्हाडांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

३. मीटर खरं बोलतो का? मिठाची परीक्षा

ही पायरी गाळू नका. दुकानातून एकाच दिवशी आणलेले माझे दोन मीटर एकाच टेबलावर ६८ आणि ७७ दाखवत होते. कोणावर विश्वास ठेवायचा?

बाटलीच्या झाकणात साधं पाकीटबंद मीठ घ्या. थेंब थेंब पाणी टाकत ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी झालं तर परीक्षा फसली, न विरघळलेले दाणे दिसत राहिले पाहिजेत. झाकण आणि मीटर शेजारी शेजारी डब्यात ठेवा, मीठ मीटरला लागू देऊ नका, डबा बंद करा आणि रात्रभर विसरून जा. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता आपल्याकडच्या तापमानांना ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हा निसर्गाचा नियम आहे, मीटरची कंपनी कुठलीही असो.

सकाळी डबा न उघडता आकडा वाचा. माझ्या एका मीटरने ६९ दाखवले आणि दुसऱ्याने ७८. मग दोघांच्या पाठीला पट्टी चिकटवून त्यावर पेनने लिहिलं: '+६' आणि '-३'. बस, मीटर सुधारला.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे डबा उन्हात, फ्रिजवर किंवा पंख्याखाली ठेवणं. आतलं तापमान हलत राहिलं की आकडाही हलतो. दुसरी चूक माझी: घाईने दोन तासांनी बघितलं आणि मीटर बिघडलेला समजून परत करायला निघाले होते.

४. ठेवायचा कुठे

छातीच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा सुटा, ऊन पडणार नाही अशा जागी. टीव्हीमागे, राउटरशेजारी, फ्रिजवर, एसीच्या झोतात, खिडकीच्या चौकटीत नको. मीटर जरासा तापला तरी आर्द्रता खोटी कमी दिसते. २८ अंशांना ८० टक्के असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापली की तीच हवा ७१ च्या आसपास दाखवते. हवेतलं पाणी थेंबभरही कमी झालेलं नसतं, आणि तुम्ही मात्र सुटकेचा श्वास टाकता.

बाहेरचा मीटर बाल्कनीत, पावसाचे शिंतोडे लागणार नाहीत असा टांगा. खोलीतला मीटर दोन दिवस खोलीच्या मध्यावर ठेवून झाला की मग संशयाच्या जागी न्या: कपाटामागे, पलंगाखालच्या कप्प्यात, माळ्यावर. आमच्याकडे खोलीच्या मध्यावर ७४ आणि कपाटामागे ९१ होते. चार फुटांचं अंतर.

५. आठ दिवसांची वही

दिवसातून चार वेळा लिहा: सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी, झोपताना. आतलं तापमान, आतली आर्द्रता, बाहेरचं तापमान, बाहेरची आर्द्रता, आणि शेवटच्या रकान्यात घरात काय चाललंय ते. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "रात्री १०, आत २९ / ८०, बाहेर २६ / ९४, दोन दोऱ्या कपडे, दार बंद, शेजारच्या खोलीत एसी २० वर."

त्या एका ओळीत आमच्या भिंतीचं सगळं रहस्य होतं. कळायला मात्र मला आणखी पाच दिवस लागले.

६. टक्क्यांवर जाऊ नका

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळं कुणीही सांगेल, पण लोक इथेच फसतात.

आर्द्रतेचे टक्के म्हणजे हवेत किती पाणी आहे हे नव्हे. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जितकं पाणी मावतं, त्याच्या किती टक्के आहे, एवढंच ते सांगतात. गरम हवेचं भांडं मोठं, गार हवेचं लहान. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम पाणी मावतं, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅम.

आता पावसाळ्यातला नेहमीचा प्रश्न: कोंदट वाटतंय, खिडक्या उघडू का? बाहेर २६ अंश आणि ९५ टक्के असेल तर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी. आत २९ अंश आणि ७५ टक्के असेल तर साडेएकवीस. म्हणजे खिडकी उघडून तुम्ही पाणी आत घेताय. हेच बाहेर २८ अंश आणि ७० टक्के असेल, पावसाने दोन दिवस उसंत घेतली असेल, तर बाहेर १९ च्या आसपास असतं. तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघडा. 'पावसाळ्यात खिडक्या बंदच ठेवा' आणि 'हवा खेळती ठेवा' हे दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत. कोणता कधी, ते बाहेरचा मीटर सांगतो. म्हणून दोन मीटर.

दुसरा आकडा दवबिंदूचा. हवा थंड होत होत ज्या तापमानाला पाणी सोडायला लागते तो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो त्यामुळेच. २८ अंशांच्या खोलीसाठी एवढं पाठ ठेवा: आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २२ अंश, ८० टक्क्यांना २४, ९० टक्क्यांना २६. घरातली जी वस्तू याहून थंड, तिला घाम फुटणार.

माझं माहेर अकोल्याचं. तिथे मे महिन्यात उलटा खेळ असतो. बाहेरची हवा इतकी कोरडी की कूलर सुखाचा वाटतो, पण घरातली मंडळी "गार हवा बाहेर जाते" म्हणून खिडक्या घट्ट लावतात. तासाभरात खोलीची आर्द्रता वर चढते, पाण्याची वाफ होणं मंदावतं आणि कूलर नुसता चिकट वारा फेकत बसतो. समोरची खिडकी उघडली की परत गार. बाबांना हे मीटर दाखवल्यावर पटलं. माझ्या बोलण्याने बारा वर्षांत पटलं नव्हतं.

७. भिंतीत पाणी मुरतंय की भिंतीला घाम येतोय?

ओला डाग दिसला की आधी भिंत कापडाने पुसून, पंखा लावून वरून कोरडी करा. मग प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन-तीन दिवस थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय: पाइप, वरचं बाथरूम, बाहेरच्या प्लास्टरची भेग. खोलीकडच्या बाजूला थेंब आले आणि आत कोरडं राहिलं तर तो हवेतल्या वाफेचा घाम. दोन्हीकडे आले तर दोन्ही आजार आहेत, पावसाच्या माऱ्यातल्या पश्चिमेच्या भिंतीला हे होतं.

आमच्याकडे थेंब खोलीच्या बाजूला आले. मग गन घेऊन भिंत मोजली. मोकळी भिंत २६ अंश, कपाट ओढल्या ओढल्या त्याच्या मागची २३.५. त्या वेळी खोलीतल्या हवेचा दवबिंदू होता २५. वहीतली ओळ आता जुळली. भिंतीच्या पलीकडे आमची बेडरूम, तिथे एसी २० वर. अलीकडे सासूबाईंची खोली. त्यांना एसी सोसत नाही म्हणून ती गरम, आणि "ती खोली रिकामीच असते दिवसा" म्हणून पावसाळाभर घरादाराचे कपडे तिथे वाळत. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यात दोनेक लिटर पाणी असतं, आणि ते जातं कुठे? हवेत. एसीने गार केलेल्या भिंतीला मोकळ्या भागात निदान खोलीची ऊब मिळत होती. कपाटाने तीही अडवली.

गनची एक खोड: चकचकीत टाइल, आरसा, स्टील यांवर ती खोटं बोलते. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून मिनिटभराने त्यावर नेम धरा. आणि गन भिंतीच्या जवळ न्या, लांबून मारली तर डागाऐवजी अर्ध्या भिंतीची सरासरी मिळते.

आम्ही केलं ते एवढंच: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, एसी २६ वर आणि सोबत पंखा, कपडे झाकलेल्या बाल्कनीत, नाहीच जमलं तर बेडरूममध्ये एसी ड्राय मोडवर टाकून दार बंद. काळे डाग ओल्या फडक्याने पुसले, मास्क लावून. कोरडं खरवडू नका, बुरशी घरभर उडते. दम्याचा माणूस तेव्हा त्या खोलीत नको.

आकड्याचं ध्येय काय ठेवावं? पुस्तकी उत्तर ६० च्या खाली. कोकणपट्टीत जुलै महिन्यात हे म्हणजे चंद्र हवा म्हणून हट्ट धरणं. खोलीत ७० च्या आत राहिलं, आणि भिंतीलगत, कपाटामागे ८० च्या वर दिवसेंदिवस जात नसेल, तर समाधान माना. बुरशीला भिंतीजवळची आर्द्रता कळते, खोलीची नव्हे.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, घ्यायचाच झाला तर कॉम्प्रेसरवाला घ्या. हातात मावणारा, आवाज न करणारा, स्वस्त, तो दिवसभरात पेलाभर पाणी काढतो. आमच्याकडे एक आहे. सध्या दाराला टेकू म्हणून वापरतो.

८. बंद बेडरूम

एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो असा बहुतेकांचा समज असतो, माझाही होता. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. मागून आणलेल्या सीओटू मीटरवर आमची रात्र अशी गेली: झोपताना ६२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत सीओटूचे इतके भाग), तीन वाजता १९००, सकाळी २३००. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० च्या आसपास असतो. खोलीसाठी १००० ची लक्ष्मणरेषा माक्स फॉन पेटेनकोफर या म्युनिकच्या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये सुचवली होती, आणि ती अजून वापरात आहे. १००० वर सीओटूची विषबाधा होत नाही. पण आकडा जितका चढा तितकी तुम्ही दुसऱ्याने सोडलेली हवा घेताय. घरात एकाला सर्दी झाली की सगळ्यांना का होते, ते इथे कळतं.

उपाय फुकट: खिडकी दोन बोटं उघडी. आमचा आकडा सकाळी हजाराच्या आसपास राहिला.

खरेदीतला सापळा: बरेच स्वस्त मीटर सीओटू मोजतच नाहीत, दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. डब्यावर 'एनडीआयआर' (इन्फ्रारेड किरणांनी थेट सीओटू मोजणारा) सेन्सर लिहिलेला बघा. घरी आणल्यावर जवळपास सॅनिटायझर शिंपडा. आकडा ताडकन हजारोंत उडाला तर परत करा. आणि चांगला मीटरसुद्धा आठवड्यातून एकदा बाल्कनीत ठेवावा. बरेच मीटर आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं गृहीत धरून स्वतःला सुधारत असतात. कायम बंद खोलीत राहिला तर तो कोंदट हवेलाच ताजी मानायला लागतो.

९. धूळ आणि धूर

भारतीय मानकात पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. मोहरीच्या फोडणीला किंवा डासांच्या कॉइलला मीटर शेकड्यात गेला तर घाबरू नका, तो किती वेळात खाली येतो ते बघा. आमच्याकडे चिमणी लावली तर वीस मिनिटं, विसरलो तर दीड तास.

दमट हवेत हे मीटर चढं दाखवतात, कारण बाष्पाने फुगलेले कण त्यांना मोठे दिसतात. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा आकडा बघून ताडा. आणि थंडीत पहाटे खिडक्या उघडायची जुनी सवय आता मुंबई-ठाण्यात सोडावी असं माझं मत झालंय. जमिनीलगतची हवा तेव्हा साचलेली असते. ऊन वर आल्यावर उघडा.

१०. सोसायटीकडे जाण्याआधी

प्लास्टिकच्या परीक्षेत पाणी भिंतीतूनच येतंय असं निघालं, तर मग जा, पण कागद घेऊन: तारीख दिसणारे फोटो, वहीची पानं, प्लास्टिकच्या आतल्या थेंबांचा फोटो, घराच्या नकाशावर डागाची खूण, आणि सेक्रेटरींच्या नावे पत्र. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तोंडी तक्रार मीटिंगच्या इतिवृत्तात कधीच येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चात येते, घरातल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने करायची. कोणती आहे हे ठरायच्या आत हातोडा उचलू देऊ नका.

काकूंच्या टाइल्सचे पैसे आम्ही भरले. तो रंग आता कुठे मिळत नाही. त्यांच्या बाथरूममध्ये फिकट हिरव्यांत चार पांढऱ्या टाइल्स अजून आहेत.